नाइलाजाचे नव्हे, हौसेचे टोपणनाव
महोदय,
टोपणनावाने लिहिणाऱ्या जुन्या लेखिकांचा विषय निघाला की पुरुषी नावाशिवाय प्रकाशक मिळत नसे, एवढेच सांगून आपण मोकळे होतो. डॅनिश लेखिका कारेन ब्लिक्सेन यांची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही. केनियातील कॉफीचा मळा बुडाल्यावर १९३१ मध्ये मायदेशी परतलेल्या या बाईंनी १९३४ साली अमेरिकेत कथासंग्रह प्रसिद्ध केला तो ‘इसाक दिनेसेन’ या नावाने, आणि त्यातले दिनेसेन हे तर त्यांचे माहेरचेच आडनाव! पुढे, चांगले नाव झाल्यावर, जर्मनांच्या ताब्यातील डेन्मार्कमध्ये १९४४ साली ‘पिएर आंद्रेझेल’ या फ्रेंच नावाने त्यांची एक कादंबरी आली, आणि ती आपली नव्हेच असे त्या बराच काळ सांगत राहिल्या. याला नाइलाज कसे म्हणावे?
– एक वाचक, सातारा