गाडी घाटात बंद, आणि बदलला पेट्रोल पंप

संपादक साहेब, स.न.वि.वि.

कात्रजचा घाट चढताना माझी गाडी तीनदा बंद पडली, अर्धा तास थांबलं की परत चालू, आणि आमच्या गॅरेजवाल्याने आधी बॅटरी बदलली मग इंजिनला पेट्रोल पोचवणारा गाडीतला पेट्रोल पंप, बिल वाढत गेलं पण दुखणं तेच. शेवटी निघालं काय तर क्रँक सेन्सर, बोटाएवढी वस्तू!

आता हा करतो काय, तर क्रँकशाफ्टबरोबर, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या इंजिनच्या मुख्य दांड्याबरोबर, एक दातेरी चाक फिरतं, बऱ्याच गाड्यांत 60 दात्यांची जागा पण दाते 58च, दोन मुद्दाम गाळलेले. म्हणजे दर 6 अंशाला एक दाता. दाता समोरून गेला की सेन्सर सिग्नल देतो आणि ती मोकळी जागा आली की ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, कळतं पिस्टन कुठे आहे, त्या हिशोबाने स्पार्क नि पेट्रोलचं इंजेक्शन. पण क्रँकच्या दोन फेऱ्या झाल्या की कॅमशाफ्टची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची, एक होते, म्हणून पिस्टन वर आलाय तो कॉम्प्रेशनला (हवा-पेट्रोल दाबायला) की एक्झॉस्टला (धूर बाहेर ढकलायला) हे सांगायला कॅम सेन्सर वेगळा लागतो.

माझ्या गाडीतला क्रँक सेन्सर चुंबक आणि तारेच्या गुंडाळीवाला होता, आतली तार तापली की कनेक्शन तुटायचं, गार झाली की जुळायचं. ईसीयूतले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला असता तर पी0335 हा क्रँक सेन्सरचा कोड बहुतेक पाच मिनिटांत दिसला असता हो.

जुना पंप परत मागितला तर म्हणे भंगारात गेला. अहो, तो चांगला होता ना!

एक वाचक, धनकवडी, पुणे