चिऊ, तो हो म्हणेल

चिऊ,

सकाळी साडेपाचला कडी वाजली तेव्हा मी जागीच होते. उठले नाही, कारण उठले असते तर परत कालच्यासारखंच झालं असतं, मी काहीतरी बोलले असते आणि तू दार आपटून गेली असतीस. प्रवासाला निघालेल्या माणसाला असं पाठवू नये एवढं मला कळतं. म्हणून पडून राहिले, जिना उतरतानाचे तुझे पाय ऐकत. नंतर उठून बघितलं तर खुंटीवर घुंगरांची पिशवी नव्हती. म्हणजे बाबांना नुसती भेटायला नाही गेलीस.

फोन करणार नाही म्हणाले होते, करत नाहीये. लिहितेय. आत्ता वाचवत नसेल तर नको वाचूस, पण डिलीट करू नकोस.

आधी तुझ्या प्रोग्रामच्या कार्डाचं बोलते. तुझ्या नावात मधे त्याचं नाव बघितलं आणि माझं डोकं फिरलं, ते चुकलंच माझं. २०१९ ला पासपोर्ट काढताना आपण दोघींनी फॉर्म भरला होता ना, डिसेंबर २०१६ मध्ये नियम बदललाय, आई किंवा वडील कुणा एकाचंच नाव दिलं तरी चालतं, मग माझंच टाकू म्हणून. तेव्हा तू केवढी खूश होतीस. आता वाटतं तू माझ्यासाठी खूश झाली होतीस. सोळा वर्षांची होतीस, तुला कोण विचारत होतं तुला काय हवंय. नाव तुझं आहे बाळा, हवं ते लाव. मला न दाखवता कार्ड छापायला दिलंस याचा राग आलाय असं मी काल ओरडत होते, ते काही खरं नव्हतं. मी घाबरले होते.

तुला वाटतं तो तुला ओळखणार नाही, दारातूनच परत पाठवेल, याला मी घाबरतेय. नाही ग. दार उघडेल तो. आत घेईल, तुझ्याकडे बघून त्याचे डोळे भरून येतील आणि ते खोटं नसेल. मग तू म्हणशील माझ्या प्रोग्रामला या, आणि तो हो म्हणेल. मला त्या हो ची भीती वाटते.

तो माणूस आयुष्यात कुणाला नाही म्हणालेला नाही. एकाच संध्याकाळी दोन ठिकाणी तबल्याच्या साथीला हो म्हणून बसायचा आणि मग मी फोनवर लोकांची समजूत काढायची. समोरच्याचं तोंड पडलेलं त्याला बघवत नाही. हो म्हणताना ते खरंच असतं त्याचं, पुढचं होत नाही त्याच्याकडून. तो नाही म्हणाला तर दोन दिवस रडशील आणि तिसऱ्या दिवशी पहाटे पायांचा तत्कार सुरू करशील, तुला मी ओळखते. पण हो ऐकून आलीस तर पहिल्या रांगेत एक खुर्ची अडवून ठेवशील आणि अख्खा प्रोग्राम दाराकडे बघत नाचशील. समेवर येताना नजर कुठे असते यावरून सगळं कळतं असं तूच सांगतेस ना तुझ्या छोट्या मुलींना.

आणि हे बघ, अनोळखी गाव आहे, लोकेशन चालू ठेव, कुणाला सगळी हकिकत सांगत बसू नकोस, त्याच्या घरी अजून कोण असेल काय असेल माहीत नाही, आपण जातोय तर आपली पायरी सांभाळून बोलावं, आल्या आल्या हिशोब मागायचे नाहीत. बघ, लेक्चर सुरू झालं. बावीस वर्षांची आहेस तू. सॉरी. पुसत नाहीये, राहू दे.

तो व्हिडिओ तू दाखवलास तेव्हा मी बघून न बघितल्यासारखं केलं. तू खाली लिहिलेल्या नावावरून शोधलंस. त्यात त्याचं तोंड कुठे धड दिसतं, गाणाऱ्या बाईंवरच कॅमेरा आहे, मधेच नुसते हात येतात. मी हातांवरूनच ओळखलं. डग्ग्यावर मनगट दाबत पुढे नेतो ना, तसं. तू झोपल्यावर मी अकरा वेळा बघितला तो.

तू पाच महिन्यांची होतीस तेव्हा रात्र रात्र रडायचीस. तो तुला खांद्यावर घेऊन अंधारात फेऱ्या मारायचा आणि तुझ्या पाठीवर बोटांनी रूपक ताल वाजवायचा. तीं तीं ना, धिं ना, धिं ना. मी एकदा विचारलं रूपकच का, तीनताल का नाही, तर म्हणाला सोळा मात्रा संपायची वाट बघायला ही तयार नाही, सातात गुंडाळावं लागतं. आणि रूपकची समच खाली असते, तिथे हात हलका पडतो, पोर दचकत नाही. तू खरंच झोपायचीस. तुझ्या नाचाच्या ताई नेहमी म्हणतात हिला रूपक शिकवावाच लागला नाही, उपजतच आहे, आणि मी मान डोलावते. बावीस वर्षांत हे तुला सांगायला मला जमलं नाही.

आता तू म्हणशील मग एवढा चांगला होता तर. होताच चांगला. म्हणूनच सांगतेय, हो म्हणेल.

अजून एक आहे, ते लिहायचं नव्हतं. तू विचारलं होतंस त्याचा कधी फोन आला का, मी नाही म्हणाले. दोन आले होते. २०११ ला, तू आठ वर्षांची होतीस. पहिल्यांदा आला तेव्हा मी सांगितलं ती झोपलीय. संध्याकाळचे आठ वाजले होते आणि तू आतल्या खोलीत तत्कार करत होतीस, त्याला ऐकू जातच असणार. तो बोलला नाही, मीही नाही. खूप वेळाने म्हणाला, "दुगुनीत घाई करतेय." आणि ठेवला फोन. दुसऱ्या दिवशी मी तुला म्हणाले दुगुन घाईत होतेय, जरा दम धर. तू म्हणालीस तुला काय कळतं त्यातलं. पण मग केलंस, ठाय लय नीट धरून, हळूहळू.

दुसऱ्या फोनला म्हणाला पुढच्या महिन्यात येतो. मी बरं म्हणाले. आणि चिऊ, मी महिनाभर वाट बघितली. पडदे धुतले. आजीला कळू दिलं नाही. तुला वाढदिवस नसताना पिवळा फ्रॉक आणला होता, आठवतो? तो त्यासाठी होता. तो आला नाही, फोनही नाही. मी स्वतःला सांगत आले की तुला त्रास नको म्हणून लपवलं, पण ते फोन तुझ्यासाठी आले होते आणि मी ते ठेवून घेतले, हेही तितकंच खरं आहे. माफ कर असं लिहिलं की फार सोपं होतं. तू भांड माझ्याशी. भांडायला ये.

एक ऐक फक्त. तो म्हणाला की मीच वाजवतो तुझ्या प्रोग्रामला, तर उत्साहात तिथूनच आपल्या तबलावाल्या दादांना नको कळवूस. चार महिने रिहर्सल झाल्यात त्यांच्याबरोबर, तिहाया बसल्यात. बाबांना खुर्ची ठेव, पाहिजे तर मी स्वतः त्यावर पिशवी ठेवून बसेन. मी खरंच बसेन. पण ठेका दुसऱ्याच्या हातात असू दे.

परत तेच बोलले. बास.

आजीला सांगितलंय वर्कशॉपला गेलीस. चार्जर हॉलमध्येच राहिलाय, कुणाचा तरी माग. पोचलीस की पोचले एवढंच लिही, बाकी काही सांगू नकोस वाटलं तर.

आणि घुंगरांचं. डाव्या पायाच्या शंभरातलं एक बोदं वाजतंय, अगदी वरच्या वेढ्यात, घोट्याच्या हाडापाशी. आतली गोळी अडकलीय. मागच्या सुट्टीत दोरी बदलताना लक्षात आलं होतं, रोज म्हणत होते करू, राहिलंच. तुला जाणवलंही नसेल, त्याला लगेच ऐकू येईल. विचारेल कुणी ओवलेत. पंचवीस पंचवीसचे होते तेव्हापासून एकेक घुंगरू गाठ मारून कोण ओवतं ते सांग त्याला.

आई