बाहुलीच्या पाठीवरचे नाव

एडिसन, न्यू जर्सी
२५ जानेवारी

प्रिय कुंदे,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या दिवाळीतल्या पत्राला उत्तर द्यायचे राहून गेले, पाठोपाठ संक्रांतही झाली, आणि आता तिळगुळाऐवजी मी तुला माझी एक भानगड पाठवत आहे. आमच्या प्रकृती ठीक आहेत. ह्यांचा गुडघा आणि माझी पाठ आपापल्या जागी आहेत. हे फोनवरही सांगता आले असते, पण फोनवर तू मध्येच हसतेस, आणि या वेळी तू शेवटपर्यंत गप्प बसावेस अशी माझी इच्छा आहे.

चिऊला ऑक्टोबरात ‘अमेरिकन गर्ल’ कंपनीची किट नावाची बाहुली दुकानातून आणली, असे मी तुला कळवले होते. ते खोटे होते. ती मागच्या गल्लीतल्या एका गराज सेलमध्ये, फुटके लॅम्प आणि जुन्या बर्फाच्या बुटांच्या शेजारी पडलेली मिळाली. भाव १५ डॉलर होता आणि मी घासाघीस करून १२ केला. (गणपती पेठेत वांग्यांसाठी तू ज्या निर्लज्जपणे भांडायचीस, त्याची आठवण ठेवून केला, एवढे श्रेय घे.) नव्या बाहुलीला शंभराच्या वर डॉलर पडतात. ह्यांची नोकरी मार्चमध्ये गेली आणि दुसरी सप्टेंबरात लागली. मधल्या सहा महिन्यांत मी दूध कोणत्या दुकानात किती सेंट स्वस्त मिळते हे पाठ केले होते, तेव्हा शंभर डॉलरची बाहुली हा विषय आमच्या घरात निघूच शकत नव्हता.

पण त्या सहा महिन्यांत पुस्तके मात्र भरपूर झाली, कारण वाचनालय फुकट आहे. या बाहुल्यांची मूळ कल्पना प्लेझंट रोलंड या एकेकाळच्या शिक्षिकेची. नात्यातल्या मुलींना द्यायला मनासारखी बाहुली बाजारात मिळेना, म्हणून १९८६ मध्ये त्यांनी स्वतःच तीन बाहुल्या काढल्या. प्रत्येकीचा काळ निराळा, आणि प्रत्येकीची सहा पुस्तके. पुढे १९९८ मध्ये बार्बीवाल्या मॅटेलने तो सगळा संसार ७० कोटी डॉलरना विकत घेतला. बाहुली आपल्या ऐपतीबाहेरची असली तरी तिची गोष्ट ऐपतीतली असते, हे मला फार उशिरा सुचले. जुन्या आवृत्तीची ती पातळ, चित्रांची पुस्तके वाचनालयाच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीत एकेका डॉलरला मिळतात आणि शेवटच्या पानांवर त्या काळची खरी छायाचित्रे असतात. चिऊ आधी ती पाने पाहते आणि मगच गोष्ट सुरू करू देते.

यांच्यातल्याच अ‍ॅडी नावाच्या बाहुलीच्या पहिल्या पुस्तकापाशी आम्ही चार दिवस अडलो. साल १८६४, गुलामगिरीत जन्मलेली नऊ वर्षांची मुलगी. तंबाखूच्या पानांवरच्या अळ्या नीट वेचल्या नाहीत म्हणून मुकादम तिला त्या अळ्या खायला लावतो. मी ते वाक्य चटकन ओलांडायला गेले, तर चिऊने पानावर हात ठेवला आणि "परत वाच" म्हणाली. पुढे आई आणि अ‍ॅडी रात्री पळून जातात तेव्हा तान्ही बहीण मागे ठेवावी लागते, कारण ती रडली तर सगळेच पकडले जातील. जाताना अ‍ॅडी आपली चिंध्यांची बाहुली तिच्यापाशी ठेवते. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या चिऊने माझ्या जुन्या वॉयलच्या साडीचा पदर मागितला आणि आम्ही दोघींनी तशी बाहुली केली. सुतळीचे केस, काजळाचे डोळे. ती हुबेहूब तुझ्या आजीच्या ठकीसारखी दिसते, म्हणजे थोडी भीतिदायकच.

आणि मग किटची पुस्तके आली. सिनसिनाटी, १९३४, मंदीचे दिवस. वडिलांचा मोटारी विकण्याचा धंदा बुडालेला, घरखर्चासाठी भाडेकरू ठेवलेले, त्यामुळे किटची रवानगी माळ्यावर. तिथे टाइपरायटरवर ती घरातल्यांसाठी वर्तमानपत्र काढते. त्या काळी धान्याच्या आणि कोंबडीखाद्याच्या कापडी पोत्यांवर गिरण्या मुद्दाम फुले छापत, कारण बायका त्या पोत्यांचेच फ्रॉक शिवत. बाबा दिवसभर घरी असताना चिऊ हे सगळे त्यांच्या शेजारी बसून ऐकत होती, आणि एका दुपारी ह्यांना अगदी गंभीरपणे म्हणाली, "किटच्या बाबांचेपण तसेच झाले होते." हे त्या दिवशी बराच वेळ गॅलरीत उभे होते. लोकांना वाटे, चिऊला कवी नावाची बाहुली हवी असेल. ही कंपनीची २०२३ सालची भारतीय मुलगी, आणि ती राहते कुठे, तर मटचनमध्ये, म्हणजे चारी बाजूंनी आमच्या एडिसननेच वेढलेल्या गावात! चिऊचे म्हणणे असे की कवीसारख्या मुली तिच्या वर्गात सहा आहेत, किट एकही नाही.

तर ती १२ डॉलरची किट घेऊन मी चोरासारखी घरी आले. ओल्या फडक्यावर खाण्याचा सोडा घेऊन तिचे तोंड पुसले, केस पाण्याने भिजवून तारेच्या ब्रशने टोकाकडून वर सोडवले, आणि सैल पडून लोंबणारा डावा पाय बसवायला मानेची दोरी सोडून, डोके बाजूला ठेवून, पोटातला कापूस उपसून आतली इलॅस्टिकची दोरी ताणून पुन्हा गाठ मारली. (हे नेमके तेव्हाच स्वयंपाकघरात आले आणि ते बिनडोक्याचे धड पाहून आल्या पावली परत गेले.) या बाहुल्यांचे हातपाय प्लॅस्टिकचे असले तरी धड कापडी असते. त्या कापडावर, पाठीवर, जांभळ्या मार्करने एका मुलीचे नाव लिहिलेले होते, आणि शेवटच्या अक्षराला शेपटी काढून तिला एक फूल जोडलेले होते. साबण, स्पिरिट, लिंबू, सगळे करून पाहिले. नाव पुसट झाले, पण गेले नाही. शेवटी मी तुझ्याच रुखवताच्या वेळी उरलेल्या हिरव्या खणाची चोळी शिवली आणि ती बाहुलीच्या अंगावरच टाके घालून पक्की करून टाकली. चिऊला सांगितले की ही अशीच असते.

ते टाके संक्रांतीला सुटले. चिऊला किटचे बोरन्हाण करायचे होते. नऊ वर्षांच्या मुलीचे बोरन्हाण होत नसते हे मी सांगून पाहिले, पण किट इथे पहिल्यांदाच संक्रांत पाहत आहे, असा तिचा मुद्दा होता. काळ्या कापडाचे झबले झाले, साबुदाणा आणि पांढरे मणी ओवून हार आणि मुकुट झाला, आणि झबले चोळीवर बसेना म्हणून बाईंनी माझी कात्री घेतली. मी आत गूळ किसत होते. बाहेर एकदम शांत झाले, आणि कुंदे, ती शांतता मला ओळखीची वाटली.

आता तुला कळले असेल की मी हे दुसऱ्या कोणाला का लिहू शकत नाही. १९९३ साल, चौथीचा वर्ग, मधली सुट्टी, मी डब्यासोबत आणलेली निळ्या फ्रॉकची, डोळे मिटणारी बाहुली, आणि तू सगळ्यांदेखत तिला उलटी करून ओरडलीस, "ही माझी आहे, हिच्या पायावर माझे नाव आहे!" मी घरी जाऊन ती बाहुली आईच्या शिलाई मशीनखालच्या चिंध्यांच्या गाठोड्यात खुपसली आणि तुझ्याशी दिवाळीपर्यंत कट्टी धरली. आपण पुढे त्यावर पुष्कळ हसलो, तुझ्या हळदीच्या दिवशीही हसलो. पण माझ्या मनात ती गोष्ट कायम तुझ्या दुष्टपणाचीच राहिली. चिऊला तसे कोणापुढे उभे राहावे लागू नये म्हणून मी ती चोळी शिवली, अशी मी तीन महिने स्वतःची समजूत घातली.

चिऊ मात्र दुसऱ्याच गोष्टीवर बसून राहिली आहे. बाहुली जुनी आहे याचे तिला काहीच नाही. "वाचनालयातली पुस्तकेपण जुनीच असतात," असे तिने मला ऐकवले. मी खोटे बोलले म्हणून दोन दिवस अबोला झाला, तोही संपला. आता रोज रात्री एकच प्रश्न असतो: त्या मुलीला माहीत आहे का? तिच्या आईने तिला विचारून विकली का? आपण जाऊन विचारू या. घर मला माहीत आहे, चालत सात मिनिटांवर आहे. मी आज थंडी आहे, उद्या बर्फ आहे, असे सांगत वेळ काढते आहे. दार एखाद्या कॉलेजातल्या मुलीने उघडले आणि ती हसून "ठेव तुलाच" म्हणाली, तर प्रश्नच मिटला. पण दार जर दहा-अकरा वर्षांच्या मुलीने उघडले, आणि तिने किटला पाहून हात पुढे केला, तर मी काय करायचे? चिऊला विचारले तर ती म्हणते, "मग द्यायची." म्हणते, आणि किटला आणखी घट्ट धरते.

तुझ्या बदलीचे काय झाले ते कळव. काकांच्या मोतीबिंदूचे दादाकडून समजले, बरे झाले. धाकट्याच्या दहावीला माझे आशीर्वाद. त्याला गणिताचा क्लास बदलून दे, हे मी तिसऱ्यांदा लिहीत आहे.

आता मूळ गोष्ट. परवा रात्री चिऊ झोपल्यावर मला पहिल्यांदाच असे वाटले की त्या दिवशी वर्गात तू मला हिणवत नव्हतीस. तुझी बाहुली माझ्या डब्याशेजारी तुला अचानक दिसली होती. तुझ्या आईने ती आमच्याकडे पाठवताना तुला विचारले होते का गं? बत्तीस वर्षांत मी हे तुला एकदाही विचारले नाही. खरे काय ते लिही, आणि लवकर लिही, कारण शनिवारी हवा चांगली आहे असे दिसते आणि माझ्याकडची कारणे संपत आली आहेत.

तुझी,
शमा

ता. क. खणाचे अर्धा मीटर कापड पाठवलेस तर बरे होईल. चोळी फाटली आहे, आणि नवी करताना मी मागे हुक लावणार आहे.