गोळ्या नवऱ्यालाही द्या! आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी खेड्यात आरोग्य सेविका आहे. ‘ताई, अंगावरून पांढरं जातंय,’ हे बायका लसीकरणाच्या दिवशी, बाळाला टोचून झालं की निघता निघता कानाशी सांगतात. पातळ, करडा स्राव, मासळीसारखा वास, नवऱ्याजवळ गेल्यावर तो आणखी वाढतो. बहुतेकदा हा बॅक्टेरियल व्हजायनोसिस असतो, म्हणजे योनीतल्या जंतूंचा समतोल बिघडून होणारा आजार. दवाखान्यातून हिरवं किट, म्हणजे या तक्रारीवरच्या गोळ्यांचं पाकीट मिळतं, बरं वाटतं आणि दोन-तीन महिन्यांत तीच बाई तीच तक्रार घेऊन दारात उभी. मग ‘स्वच्छता ठेवत जा’ हेही तिलाच ऐकवलं जातं. ती बिचारी साबणानं आतून धुते, त्यानं त्रास उलट वाढतो.

मेलबर्नच्या संशोधकांनी १६४ जोडप्यांवर केलेला अभ्यास मार्च २०२५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. एका गटात फक्त बाईला औषध दिलं, दुसऱ्यात पुरुषालाही: मेट्रोनिडॅझोलच्या ४०० मिलिग्रॅमच्या गोळ्या आणि लिंगाला लावायला क्लिंडामायसिनचं २ टक्के मलम, दोन्ही दिवसातून दोनदा, ७ दिवस. १२ आठवड्यांत पहिल्या गटातल्या ६३ टक्के बायकांना आजार उलटला, दुसऱ्या गटात ३५ टक्के. फरक इतका स्पष्ट की अभ्यास मुदतीआधीच थांबवला. पूर्वी पुरुषांना नुसत्या गोळ्या देऊन पाहिल्या होत्या, गुण आला नव्हता. जंतू कातडीवरही राहतात, म्हणून मलम हवंच.

साहेब, पुरुषाला यात काहीच जाणवत नाही. आमच्याकडे त्याचा विचार होतो तो त्याला स्वतःला तक्रार असेल तरच. आणि ‘हे औषध नवऱ्याला दे’ म्हणून बाईच्या हातात पुडी दिली, तर घरात पहिला प्रश्न येतो, ‘कुठून आणलंस हे?’ त्या भीतीनं ती पुडी डब्यातच राहते. अभ्यासातली जोडपी एकमेकांशीच एकनिष्ठ होती, तरी आजार उलटला, हे नवऱ्याला कुणीतरी समोर बसवून सांगायला हवं. ते काम बाईवर टाकू नका. गावोगावी आमचे पुरुष आरोग्य सेवक आहेत, त्यांना यासाठी तयार करा.

डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या. ९२ टक्के जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले, त्याआधी तपासणी झाली होती फक्त ८ टक्के जणींची. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातून १९८९ मध्ये हे जगापुढे गेलं ते आपल्या मातीतून. आता अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही आजार वारंवार उलटत असेल तर जोडीदारावर सोबतच उपचार करा, असं ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलं आहे. आपण का थांबावं?

पहिल्यांदाच त्रास झालेल्या प्रत्येकीच्या नवऱ्याला औषध द्या, असं मी म्हणत नाही. ज्यांना पुन्हापुन्हा होतंय, तिथून सुरुवात करा. हे मलम ग्रामीण रुग्णालयांच्या औषधयादीत घाला, सुरक्षा क्लिनिकमध्ये (लैंगिक आजारांच्या सरकारी दवाखान्यात) नवऱ्याच्या नावाचा वेगळा केसपेपर काढायला सांगा आणि तसं परिपत्रक जिल्हा शल्यचिकित्सकांना पाठवा.

आपली नम्र,
एक आरोग्य सेविका