मूठभर खपली द्या, खपल्यासकट द्या

शेतकरी बंधू-भगिनींनो, सप्रेम नमस्कार.

मागच्या रब्बीत गावातल्या एका आजींनी राखेत घालून मडक्यात जपलेली खपली, म्हणजे टरफलाच्या खपल्यात राहणारा जुना गहू, आमच्या बियाणे गटाकडे आणून दिली. सासूबाईंच्या वेळचं बी, खिरीपुरत्या दोन सऱ्या लावायचो, म्हणाल्या. पण सहा वर्षं पेरणीच झाली नव्हती. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळले. आठव्या दिवशी उलगडून पाहिलं, तर मोड आलेले दाणे फक्त अकरा. ते अकराही वाफ्यात लावले, पैकी सात रोपं ओंबीवर आली. आज तो वाण एका बरणीत मावतो. आणखी दोन वर्षं मडक्यातच राहिला असता, तर तेवढाही हाती लागला नसता.

साखरेच्या त्रासावर खायचा गहू, एवढीच खपलीची ओळख आता उरली आहे. खरं तर आपल्या चपातीच्या गव्हाचं ती आजोळ. खपलीत गुणसूत्रं २८. हजारो वर्षांपूर्वी कॅस्पियन समुद्राच्या बाजूला तिच्या कुळातल्या गव्हाचा एका रानगवताशी आपसूक संकर झाला, गवताच्या १४ गुणसूत्रांची भर पडली आणि ४२ गुणसूत्रांचा नवा गहू जन्मला. असा संकर फार थोड्या वेळा घडला, म्हणून त्या गव्हाच्या गाठीला वारसा मुळातच कमी. रोग आला की त्याला खपलीच्या आणि रानटी भावकीच्याच दारात जावं लागतं.

काळा तांबेरा, गव्हाचा बुरशीचा रोग, आपल्याला नवा नाही. निलगिरीच्या डोंगरांत तग धरून तो वाऱ्याबरोबर आपल्या शिवारापर्यंत पोचतो. १९९८ मध्ये युगांडात त्याची एक नवी जात सापडली, यूजी ९९. गव्हाची कितीतरी वाणं तिच्यापुढे टिकेनात. तिला अडवणाऱ्या मोजक्या जनुकांत एसआर १३ हे एक, आणि ते ओळखलं गेलं ते खपलीतून आलेलं म्हणून. ऑस्ट्रेलियात खपलीच्या संकरातून केलेल्या गव्हाचं नावच ‘खपस्टाईन’ आहे! २०१७ मध्ये हे जनुक नेमकं हाती लागलं, तेव्हा त्याची एकाहून अधिक रूपं असल्याचं दिसलं, आणि ती सगळी सारखी लढत नाहीत. तुमच्या घरची खपली आणि पलीकडच्या गावची खपली दिसायला एक असेल, पण आत काय आहे ते पेरून, जपून, तपासूनच कळणार.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस २९७१ हा खपलीचा बुटका वाण चांगला आहे, आम्हीही लावतो. पण सगळं शिवार एकाच वाणाचं झालं तर घरोघरची उंच, लोळणारी, कमी पिकणारी खपली राहायची कुठे?

म्हणून मागणं असं. माळ्यावर, कणगीत, जुन्या डब्यात खपली, बन्सी, बक्षी, कुठलाही जुना गहू असेल तर मूठभर द्या. भुंगा लागलेला असला तरी द्या. खपली कांडू नका, ती खपल्यासकटच पेरायची असते. बी पेरून वाढवू आणि सुगीनंतर तुम्ही दिलं त्याच्या दुप्पट परत करू. वाणावर हक्क तुमचाच राहील. शेतकऱ्याला आपला वाण स्वतःच्या नावे नोंदवता येतो, २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात तशी तरतूद आहे. कागदपत्रांचं काम आम्ही करून देऊ.

ज्यांच्याकडे बी नाही त्यांनी एका वाणाचा वर्षाचा खर्च उचलावा. मशागत, राखण, कापणी धरून तो हजार रुपये येतो. पुण्या-मुंबईला असलेल्या गावकऱ्यांकडून पत्र्याच्या कोठ्यांसाठी मदत हवी आहे. चिमण्या राखायला आणि ओंब्या वेचायला पोरं आली तर त्याहून उत्तम.

बी दिवाळीआधी ग्रामपंचायतीशेजारच्या आमच्या खोलीत पोचवा, म्हणजे याच रब्बीत पेरता येईल. पिशवीत चिठ्ठी टाका: घरात हे बी कुणी आणलं, शेवटचं कधी पेरलं, त्याचं काय करून खायचे.