गच्चीवरचे वॉल्व

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

दादरची जागा हवेशीर आहे, पण इमारत सत्तरच्या दशकातली आणि पाइप जीआयचेच, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचे. सामान लावायच्या आधी गच्चीवर जाऊन ये. तिथे तुझ्या घराचा असा एकच वॉल्व सापडायचा नाही. अशा इमारतींत टाकीतून स्वयंपाकघर, न्हाणीघर, संडास यांच्या वेगळ्या लाइनी उतरतात, आणि एकेक लाइन तळमजल्यापर्यंत सगळ्यांना पाणी देते. म्हणून शेजाऱ्यांना आधी सांग, घरात कुणाला तरी नळाशी उभं कर, एकेक वॉल्व फिरवून कोणता कुठला ते बघ आणि ऑइलपेंटने खूण करून टाक.

गोल चाकाचे ते गेट वॉल्व वर्षानुवर्षं फिरले नाहीत की आत क्षार धरतात. पाना लावून जोर केलास तर स्पिंडल, म्हणजे चाकाखालचा दांडा, तुटेल, आणि चाक नुसतंच गरगर फिरेल. पाव फेरा इकडे, पाव तिकडे, असं हातानेच खेळवत ने. दांड्याशी थेंब ठिबकले तर त्याच्याभोवतीचा ग्लँड नट किंचित आवळायचा, बस. पूर्ण उघडल्यावर पाव फेरा मागे घेऊन ठेव, म्हणजे जाम होत नाही.

घरात शिरणाऱ्या प्रत्येक लाइनीवर पितळी बॉल वॉल्व बसवून घे. दांडी पाइपाच्या रेषेत म्हणजे चालू, पाइपाला आडवी म्हणजे बंद. अंधारातही हाताला कळतं.

पाइप फुटलाच तर आधी वॉल्व, मग कोरड्या हाताने गीझरचं बटण, मग खालचा नळ सोडून लाइन रिकामी कर. पोटमाळ्यावर टाकी असेल तर तिचाही वॉल्व बंद कर, नाहीतर ती संपेपर्यंत गळत राहील. बारीक भोकावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि दोन क्लिपा रात्रभर तग धरतात. टेफ्लॉन टेप वरून गुंडाळू नकोस, ती आट्यांसाठी असते. एमसील ओल्या गंजावर चिकटत नाही.

प्लंबर म्हणेल, एवढाच तुकडा बदलू. ऐकू नकोस. आतला जस्ताचा थर गेला की गंज फुगत जातो, आणि अर्ध्या इंची पाइपात पेन्सिल जाईल एवढीच वाट उरते. सकाळचं पहिलं पाणी तांबूस येतं ते त्यामुळेच. आटे पाडलेल्या जागी पाइप सगळ्यात पातळ, त्यामुळे एक जोड सोडवताना पुढचा मोडतो. सगळी लाइन सीपीव्हीसीची, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिक पाइपाची कर, गीझरपाशी मात्र पितळी आट्यांचाच जोड.

गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे असेल. ते गावाला गेले की दुसरी कुणाकडे असते, ते आजच विचार.

तुझा,
बाबा