रसायन ओतले, आरोपी पसार, मग पुढे?

महोदय,

‘हातभट्टीवर छापा, रसायन नष्ट, आरोपी पसार’ ही बातमी आता तोंडपाठ झाली आहे. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या भाषेत हा ‘बेवारस’ गुन्हा. आरोपी हाती लागला तर ‘वारस’. बातमीत येतो तो बहुधा एकूण गुन्ह्यांचा आणि मुद्देमालाच्या किमतीचा आकडा. गफलत तिथेच आहे.

भट्टी लागते ओढ्या-नाल्याच्या काठी, कारण पाणी हवे आणि झाडीचा आडोसाही. काळा गूळ, नवसागर घातलेले रसायन पिंपांत आंबत पडलेले असते, त्याची राखण करत कोणी बसत नाही. माणूस सापडतो तो भट्टी पेटल्यावर. अवेळी गेलेल्या पथकाला पिंपेच भेटतात. ती ओतायची, नमुन्याची बाटली भरायची, पंचांच्या सह्यांचे लेबल, लाखेचे सील, नमुना प्रयोगशाळेकडे. कागद पूर्ण, आरोपीचा रकाना ‘अज्ञात’. पिंपे न फोडता नुसती उपडी केली असतील तर भट्टीवाल्याचा गुळापुरताच तोटा.

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ मध्ये कलमे कमी नाहीत. गाळण्याचे साहित्य बाळगणे हाच कलम ६५ (फ) खाली गुन्हा आहे. जाणूनबुजून जागा देणाऱ्यापर्यंत कलम ८१ ने जाता येते. त्यासाठी पंचनाम्यात गट नंबर लिहून सातबारा जोडायला हवा. सराईतासाठी कलम ९३ आहे: विभागाने प्रस्ताव द्यायचा, दंडाधिकाऱ्यांनी चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र घ्यायचे. त्याच्याही पुढे हातभट्टीवाल्यांना बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध करणारा १९८१ चा कायदा. पण हे दोन्ही उपाय माणसाच्या नावावरच्या नोंदींवर उभे राहतात. बेवारस गुन्हे कितीही नोंदवा, ते कोणाच्याच नावावर चढत नाहीत. शंभर छाप्यांनंतरही भट्टीवाला कागदोपत्री स्वच्छच!

खटल्यातही तेच. दर छाप्याला तेच ठरलेले दोन पंच, पंचनाम्यात सीलचे धड वर्णन नाही, उलटतपासणीत पंच फितूर. अशा वेळी प्रयोगशाळेचा अहवाल अनुकूल असूनही उपयोग होत नाही.

नाशिक जिल्ह्यात सुरगाणा, पेठ, हरसूलच्या बाजूने दादरा-नगर हवेली, दमणची स्वस्त दारू येते, तिथे निदान चालक आणि वाहन तरी मिळते. पण चालक म्हणजे हमाल. माल कोणी भरला, कुठे उतरणार होता, हे त्याच्या फोनवरून निघते. तपास तिथवर गेला तरच.

तेव्हा जिल्ह्याच्या विभागाने दर महिन्याला तालुकावार एवढेच जाहीर करावे: वारस गुन्हे किती, बेवारस किती, कलम ९३ चे किती प्रस्ताव गेले, त्यांतली किती बंधपत्रे प्रत्यक्ष झाली आणि न्यायालयात शिक्षा किती जणांना लागली. ओतलेल्या रसायनाचे लिटर नाही छापले तरी चालेल.

— एक वाचक, नाशिक